सोलापूरहून वळणांच्या शोधात: रस्ते शोधून देणाऱ्या ॲपचा एका हिवाळ्याचा अनुभव

सोलापुरात राहून स्पोर्ट्स कार बाळगणे म्हणजे हिप्परग्याच्या तलावात जहाज उतरवणे, असे माझे मेहुणे म्हणतात आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणे मला आजवर जमलेले नाही. भीमा आणि सीना यांच्या खोऱ्यांत पसरलेला आपला मुलूख इतका सपाट आहे की रस्ता आखणाऱ्याला वळण देण्याचे कारणच पडत नाही. पुणे, हैदराबाद, विजयपूर, तुळजापूर आणि सांगली या दिशांना शहरातून निघणारे पाचही मोठे रस्ते आता चौपदरी आहेत. प्रवासाला ते सोयीचे आहेत, पण स्टिअरिंगला त्यांच्यावर काही काम उरत नाही. माझ्याकडे पुण्याहून घेतलेली जुनी बीएमडब्ल्यू झेड-फोर आहे. दोन आसने, उघडणारे छत आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद, असा तिचा थाट आहे. ही गाडी घेतल्यानंतरचे पहिले वर्ष मी मोहोळपर्यंत जाऊन परत येण्यात घालवले. हा खर्च आणि हा पश्चात्ताप या दोन्हींवर उपाय म्हणून गेल्या दिवाळीनंतर मी वळणदार रस्ते शोधून देणाऱ्या एका ॲपची वर्षभराची वर्गणी भरली. हे परीक्षण त्या सेवेचे आहे.

सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही. याच धर्तीच्या निदान तीन-चार सेवा आज उपलब्ध आहेत, त्या मुख्यतः मोटारसायकलस्वारांसाठी युरोपात तयार झालेल्या आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा पाया ओपनस्ट्रीटमॅप हा जगभरच्या स्वयंसेवकांनी भरलेला खुला नकाशाच आहे. त्यामुळे एकीबद्दल जे खरे ठरेल ते थोड्याफार फरकाने इतरांनाही लागू पडेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत मी ही सेवा घराजवळच्या फेऱ्यांसाठी, एक दिवसाच्या सहलींसाठी आणि साताऱ्याला व कोल्हापूरला मुक्काम करून केलेल्या दोन लांबच्या दौऱ्यांसाठी वापरली.

वापरण्याची रीत सोपी आहे. निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण द्यायचे, ‘जलद’, ‘वळणदार’ आणि ‘अतिवळणदार’ यांपैकी एक पर्याय निवडायचा आणि महामार्ग व कच्चे रस्ते टाळायचे की नाही ते सांगायचे. पोहोचण्याचे ठिकाण न देता केवळ अंतर आणि दिशा दिली, तर घरापासून घरापर्यंतचा फेराही आखून मिळतो. याशिवाय नकाशावर प्रत्येक रस्ता त्याच्या वळणदारपणानुसार पिवळा, नारिंगी किंवा लाल दाखवणारा एक वेगळा पारदर्शक थर आहे, आणि माझ्या मते वर्गणीचे निम्मे पैसे या एका सोयीतच वसूल होतात. सोलापूर मध्यभागी ठेवून नकाशा लहान करत गेलो, तेव्हा आधी काहीच रंग दिसला नाही. मग ईशान्येला बालाघाटाच्या कडेला एक पुसट पिवळी रेघ उमटली, पश्चिमेला शंभूमहादेवाच्या डोंगरात काही नारिंगी ठिपके आले आणि अखेर सह्याद्रीच्या माथ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे लाल धाग्यांची अख्खी झालर उलगडली. शाळेत भूगोलाच्या तासाला जे कळायला हवे होते ते मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी असे कळले.

हा रंग कसा ठरतो, ते समजून घेतल्याशिवाय या सेवेचे गुणदोष कळत नाहीत. नकाशावरचा रस्ता म्हणजे ठरावीक अंतरावर मांडलेल्या बिंदूंची माळ असते. लागोपाठचे तीन बिंदू घेतले की त्यांतून जाणारे एकच वर्तुळ काढता येते. त्या वर्तुळाची त्रिज्या जितकी लहान तितके वळण तीव्र, आणि त्या तुकड्याला तितके गुण अधिक. फार मोठ्या त्रिज्येच्या वळणांना सरळ रस्त्यासारखेच शून्य गुण मिळतात. अशा सर्व तुकड्यांची बेरीज केली की रस्त्याचा वळणदारपणा एका आकड्यात येतो. यात डोंगर, दरी, झाड, खड्डा, बैलगाडी, यांपैकी कशाचाही विचार नाही. ॲप रस्ता पाहत नाही, रस्त्याची रेघ पाहते. मला पुढे जे बरेवाईट अनुभव आले, त्यांतील बहुतेकांचे मूळ या एका गोष्टीत होते.

पहिला धडा मंगळवेढ्याच्या बाजूला मिळाला. रविवारी सकाळी ऐंशी किलोमीटरचा ‘अतिवळणदार’ फेरा मागितला, तेव्हा ॲपने अभिमानाने एक लालभडक रेघ पुढे केली. प्रत्यक्षात तो रस्ता उसाच्या फडांच्या बांधांवरून काटकोनात वळत जाणारा होता. आधी एका शेताची हद्द संपेपर्यंत सरळ जायचे, मग उजवीकडे काटकोन, मग पाटाच्या कडेने पुन्हा डावीकडे काटकोन, आणि त्यानंतर एका गावठाणातून, ओट्यावर बसलेल्या मंडळींच्या पायांना चाक लागणार नाही इतक्या बेताने, आणखी चार काटकोन. गणिताच्या दृष्टीने हे सगळे अतिशय लहान त्रिज्येचे वळण होते आणि त्याला भरघोस गुण होते. गावातल्या एका आजोबांनी गाडीभोवती एक चक्कर मारून विचारले, “काय ओ साहेब, वाट चुकलाव का?” मी नाही म्हणालो, आणि मग हो म्हणालो.

दुसरी अडचण रेघ काढणाऱ्याच्या हाताची आहे. कुणी फोनमधल्या जीपीएसची कच्ची नोंद तशीच नकाशावर चढवली असेल, तर सरळ रस्ताही थरथरत्या हाताने काढल्यासारखा दिसतो आणि ॲपला त्यात शेकडो वळणे सापडतात. उलट घाटातील रस्ता कुणी घाईने मोजक्याच बिंदूंत उरकला असेल, तर खरी वळणे कापली जातात आणि उत्तम घाट पिवळा पडतो. यावर उपाय माझ्या दृष्टीने सोपा ठरला. लाल दिसणारा रस्ता आधी उपग्रह-चित्रावर ताडून पाहायचा. तिथे डोंगर दिसला तर जायचे, शेत दिसले तर घरी बसायचे. कच्चे रस्ते टाळण्याचा पर्यायही याच कारणाने आपल्या भागात अर्धवट चालतो. रस्त्याचा पृष्ठभाग डांबरी आहे की खडीचा, ही नोंद ज्या रस्त्यापुढे कुणी भरलेलीच नाही, तो रस्ता ॲप पक्काच धरून चालते. नकाशा खुला असल्यामुळे ही नोंद कुणालाही भरता येते. मी स्वतः सांगोला आणि मंगळवेढा परिसरातील काही रस्त्यांची ती भरली आणि काही आठवड्यांनी ॲपने त्यांतील दोन रस्त्यांचे नाव काढणे बंद केले. तक्रार करण्यापेक्षा हे काम लवकर होते.

पृष्ठभागाचा प्रश्न आपल्याकडे विशेष टोकदार आहे, कारण जिल्ह्याच्या मोठ्या भागात जमीन काळी आहे. ही चिकण माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेल्या रस्त्याचा पाया दरवर्षी असा वरखाली होत राहिला की वरचे डांबर शाबूत असतानाही रस्त्याला लाटा येतात. उंच गाडीला त्या जाणवत नाहीत, स्पोर्ट्स कारला मात्र प्रत्येक लाटेची गणना करावी लागते, कारण तिचे सस्पेन्शन ताठ असते, चाकाला वरखाली व्हायला जागा थोडी असते आणि पोट जमिनीला टेकलेले असते. आमच्या मेकॅनिकने गाडी पहिल्यांदा लिफ्टवर चढवली तेव्हा खालचे ओरखडे मोजून तो म्हणाला होता, “साहेब, ही गाडी आपल्या रस्त्याची न्हाई ओ.” सह्याद्रीत मात्र रस्त्याखाली कातळ असतो. त्यामुळे तिथले डांबर पावसाने उखडते, खड्डे पडतात, कडा खचतात, पण ही लाट सहसा येत नाही. वळणांइतकाच हा फरक मला सोलापूर सोडायला लावतो.

घराजवळचे काय, तर घराजवळ तुळजापूर आहे. पंचेचाळीस किलोमीटरच्या प्रवासात शेवटी बालाघाटाची कड चढून वर यायचे, एवढीच काय ती आपल्या हक्काची वळणे. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा या घाटाच्या वळणांची धार बोथट झाली. ॲप त्याला आता फिकट पिवळा रंग देते आणि तो योग्यच आहे. तरी सूर्योदयाच्या वेळी, उजव्या बाजूने प्रकाश येत असताना, हिप्परग्याच्या पाण्याकडे पाहत निघून घाट चढणे आणि वर गेल्यावर चहा पिऊन परतणे, यात एक साधे समाधान आहे, ज्याला कोणतेही गणित गुण देत नाही. बार्शीहून येडशीकडे चढणारा रस्ता आणि त्याच्या पुढे रामलिंगच्या अभयारण्यातील वाट हा याच डोंगराचा दुसरा तुकडा आहे. तो लहान आहे, माकडांचा आहे आणि पावसाळ्यानंतर महिनाभर अतिशय हिरवा असतो. याहून अधिक त्याच्याबद्दल लिहिण्याजोगे नाही.

ॲपने मला खऱ्या अर्थाने दिलेली पहिली देणगी म्हणजे शिखर शिंगणापूर. शंभूमहादेवाच्या दर्शनाला मी लहानपणापासून गेलो आहे, पण नातेपुत्याकडून डोंगर चढणारा तो रस्ता गाडी चालवण्यासाठी म्हणून कधी पाहिला नव्हता. नकाशावर तो नारिंगी दिसला. पंढरपूर, वेळापूर, माळशिरस, नातेपुते हा पालखी मार्ग आता रुंद झाल्यामुळे पायथ्यापर्यंत जाणे सोपे आहे. त्यानंतर माळरानातून एकाएकी उभ्या राहिलेल्या डोंगराला वळसे घेत रस्ता वर जातो. झाडी फारशी नसल्यामुळे पुढची दोन-तीन वळणे आधीच दिसतात, आणि समोरून काय येते आहे ते दिसणे ही गोष्ट वळणाच्या तीव्रतेपेक्षा कितीतरी मोलाची आहे. डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी मी तो रस्ता तीनदा चढलो आणि तीनदा उतरलो. चैत्रातील कावडीच्या यात्रेच्या दिवसांत अर्थातच इकडे गाडी घेऊन येण्याचा विचारही करू नये.

साताऱ्याचा दौरा हा या परीक्षणाचा गाभा आहे. सोलापूरहून पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव असे करत सातारा दोनशे किलोमीटरांच्या पुढे जाते, त्यामुळे पहाटे घाटात असायचे तर आदल्या रात्री तिथे मुक्काम हवाच. ॲपला मी साताऱ्यापासून दीडशे किलोमीटरचा वळणदार फेरा मागितला. त्याने यवतेश्वर घाटाने कासच्या पठारावर आणि परत, मग मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, आणि शेवटी पसरणी घाटाने वाईत उतरून परत, असा मार्ग दिला. एखाद्या जाणत्या सातारकराने हाताने आखला असता तर याहून फारसा वेगळा आखला नसता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

यवतेश्वरचा घाट शहराच्या डोक्यावरच सुरू होतो. दिवस उगवायच्या वेळी खाली साताऱ्याचे दिवे आणि समोर अजिंक्यतारा ठेवून वर चढत जाताना इंजिनाचा आवाज कड्यावर आपटून परत कानात येतो. छत उघडे ठेवण्याइतकी सोय हाताशी असेल तर थंडी सोसूनही ते उघडे ठेवावे. वर सुमारे १,२०० मीटर उंचीवर रस्ता पठाराच्या पाठीवरून जातो. तिथली वळणे लांब आणि सौम्य आहेत, त्यांत घाई नाही. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात पश्चिम घाटाची जी ठिकाणे गेली त्यांत कास आहे, आणि ऑगस्टच्या अखेरीपासून फुलांचा हंगाम सुरू झाला की इथे आधी नोंदणी, वाहनतळ आणि माणसांच्या रांगा असतात. जानेवारीत मात्र पठार वाळून पिवळे पडलेले असते, फूल एक नसते, आणि म्हणूनच रस्ता आपला असतो. ॲपला हा ऋतू कळत नाही. सप्टेंबरातल्या रविवारीही त्याने मला हाच मार्ग तितक्याच उत्साहाने सुचवला असता.

मेढ्याहून केळघरमार्गे महाबळेश्वरला चढणारा रस्ता मला या सर्व प्रवासात सर्वांत आवडला, आणि तो का आवडला ते थोडे विस्ताराने सांगायला हवे. ॲपच्या गुणपत्रिकेत तो पहिला नव्हता. पहिला होता तो महाबळेश्वरहून प्रतापगडाच्या पायथ्यावरून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट. तिथे सुमारे १,३५० मीटरच्या उंचीवरून चाळीसेक किलोमीटरांत जवळजवळ समुद्रसपाटीला उतरायचे असते. रस्त्याचा चढ गाडीला झेपेल इतका ठेवायचा तर डोंगराच्या अंगावर रस्ता पुन्हा पुन्हा मागे वळवण्याखेरीज अभियंत्याला मार्ग नसतो. त्यातून ती केसाच्या पिनेसारखी वळणे जन्माला येतात. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांत अशा वळणाला ताशी २० किलोमीटरचा वेग आणि आतल्या बाजूला किमान १४ मीटरची त्रिज्या धरलेली आहे. म्हणजे चालवणाऱ्याने करायचे काय, तर पहिला किंवा दुसरा गिअर टाकायचा, स्टिअरिंग जवळजवळ शेवटपर्यंत फिरवायचे आणि समोरून एसटी येत नाही ना, हे पाहत रांगायचे. एसटी आली तर ती संपूर्ण वळण व्यापूनच येते, कारण तिच्या लांबीला दुसरा इलाज नसतो. दृश्य अपूर्व असते, पण ते प्रवाशाने पाहावे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा घाट अनेक ठिकाणी खचला होता. पावसाळ्यात तिकडे केवळ गाडी चालवण्याच्या हौसेने जाणे मी कुणालाही सुचवणार नाही.

स्पोर्ट्स कारचा आनंद ज्या वळणात असतो ते वळण याहून बरेच मोकळे असते. साधा हिशेब केला तर ६० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४५ किलोमीटर वेगाने शरीरावर बाजूने जो जोर येतो तो गुरुत्वाकर्षणाच्या पाव पटीहून किंचित अधिक असतो. १४ मीटरच्या वळणावर ताशी २० किलोमीटरने येणारा जोर जवळपास तेवढाच असतो, पण तिथे तो क्षणभर येतो आणि जातो. मोकळ्या वळणात मात्र गाडी एका बाजूला कलते, स्थिरावते, पुढचे वळण उलट दिशेला असेल तर तोल हळूहळू दुसऱ्या बाजूला जातो, आणि ही अदलाबदल जितकी अखंड तितकी मजा अधिक. यासाठी वेगमर्यादा ओलांडावी लागत नाही, हे मी आवर्जून लिहितो, कारण अशा गाडीचा मालक म्हणजे भरधाव जाणारा असा समज आपल्याकडे पक्का आहे आणि काही मालकांनी तो मेहनतीने कमावलाही आहे. केळघरच्या रस्त्यावर अशी जोडवळणे एकामागून एक येतात. झाडीतून मध्येच दरी उघडते, आणि पसरणी घाटाच्या तुलनेत पर्यटकांच्या गाड्या फारच कमी असतात. ॲपच्या सूत्रात लहान त्रिज्येला गुण अधिक असल्यामुळे असा रस्ता नेहमी मागे पडतो. ‘अतिवळणदार’ऐवजी ‘वळणदार’ हा मधला पर्याय निवडला की मात्र तो वर येतो. ही युक्ती मला चौथ्या महिन्यात सापडली. माहितीपत्रकात ती पहिल्या पानावर असायला हवी होती.

पसरणी घाटाबद्दल एवढेच, की वाईकडे उतरताना कृष्णेचे खोरे फार सुंदर दिसते आणि शनिवार-रविवारी ते एकाच जागी उभे राहून बराच वेळ पाहता येते.

कोल्हापूरच्या दौऱ्यासाठी आपल्याला एक भौगोलिक योग लाभलेला आहे. सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, मिरज करत जाणारा रत्नागिरी महामार्ग चौपदरी झाल्यापासून कोल्हापूर बरेच जवळ आले आहे, आणि हाच महामार्ग पुढे मलकापूरवरून आंबा घाटात उतरतो. म्हणजे आपल्या शहरातून निघालेला एक रस्ता न बदलता सरळ सह्याद्रीची कड उतरता येते. आंबा घाटाची वळणे आणि दाट जंगल दोन्ही उत्तम आहेत. मात्र महामार्गाच्या रुंदीकरणाची कामे, त्यामुळे उडणारी धूळ आणि ट्रकांच्या रांगा यांचा ॲपला गंधही नव्हता. त्याने तो लाल दाखवला, आणि मी त्याच्या भरवशावर कोल्हापूरहून भल्या पहाटे निघालो तरी अर्धा घाट एका सिमेंटच्या टँकरमागे उतरलो. इथे रात्री आणि पहाटे गवे रस्त्यावर येतात, त्यामुळे उजेड होण्याआधी घाटात शिरण्याची माझी सवय मी इथे सोडून दिली.

याच घाटात परतीच्या चढावर मागच्या चाकात खिळा गेला. या गाडीला स्टेपनी नसते. तिची टायरे हवा गेल्यावरही ताशी ८० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने सुमारे ८० किलोमीटर जातील अशा जातीची असतात. आंबा गावापासून कोल्हापूर त्या अंतरात बसते, म्हणून हळूहळू पोहोचलो. तेव्हापासून मी कोणताही मार्ग पक्का करण्याआधी त्याच्या प्रत्येक बिंदूपासून टायरवाला असलेले शहर ८० किलोमीटरांच्या आत आहे की नाही ते पाहतो. ॲपमध्ये पेट्रोल पंप दाखवण्याची सोय आहे, टायर दुकाने दाखवण्याची नाही. मोटारसायकलस्वारांसाठी बनवलेल्या सेवेकडून ती अपेक्षाही नसावी, पण गाडीवाल्यांकडून पैसे घेतले जात असतील तर ही उणीव नोंदवायला हवी.

कराडहून कोयनानगरमार्गे चिपळूणला उतरणारा कुंभार्ली घाट मी या वेळी गाळला. तो मालवाहतुकीचा मुख्य रस्ता आहे, आणि जड ट्रकांनी वळणांवर डांबराचे जे ढिगारे सरकवून ठेवलेले असतात ते कमी उंचीच्या गाडीला चालत नाहीत. इथे एक गोष्ट मात्र ॲपच्या नकाशाकडे पाहतानाच लक्षात आली, ती सांगतो. जिथे बोगदा किंवा बाह्यवळण होऊन अवजड वाहतूक नव्या रस्त्याने जाऊ लागते तिथला जुना घाट चालवणाऱ्यासाठी पुन्हा जिवंत होतो. पुण्याजवळचा जुना कात्रज घाट हे त्याचे जुने उदाहरण आहे, आणि मुंबई–गोवा महामार्गावर कशेडीला बोगदा झाल्यापासून तिथल्या जुन्या घाटाबद्दलही मला तीच आशा आहे. ॲप या दोन्ही रस्त्यांना नुसता रंग देते. रस्ता जुना झाला आणि मोकळा झाला ही बातमी मात्र आपली आपणच जोडून घ्यावी लागते.

काळाचे भान नसणे हीच या सेवेची सर्वांत मोठी उणीव आहे. आपल्याकडचा रस्ता वर्षभर एकच नसतो. कोजागिरीच्या सुमारास सोलापूर–तुळजापूर रस्ता पायी निघालेल्या भाविकांचा असतो आणि वाहने दुसरीकडून वळवली जातात. आषाढात पालखी मार्गाचा प्रश्नच येत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, त्यांतील अनेक मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेले, जिल्ह्यातील प्रत्येक रस्त्यावर असतात. त्या महिन्यांत अंधार पडल्यावर कमी उंचीच्या गाडीने बाहेर पडणे हा शुद्ध अविचार आहे. न रंगवलेला गतिरोधक तर कोणत्याच नकाशात नसतो. मी सेवेच्या मदत कक्षाला लिहून महिन्यानुसार इशारा देण्याची सोय मागितली. दोन दिवसांत सभ्य उत्तर आले की सूचना नोंदवून घेतली आहे. युरोपात हिवाळ्यात बर्फाने बंद होणारे घाट ते दाखवतात, तेव्हा पावसाळ्यात बंद होणारा आपला वरंधा घाट दाखवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नसावे.

बाकी वापराच्या तक्रारी किरकोळ आहेत. नकाशा आधी उतरवून ठेवता येतो आणि घाटात नेटवर्क गेल्यावरही मार्गदर्शन चालू राहते, हे काम त्याने एकदाही चुकवले नाही. मार्गाची फाईल मित्राला पाठवता येते. बोलून मार्ग सांगणारी बाई मंगळवेढ्याचा जो उच्चार करते तो ऐकून माझी मुलगी प्रत्येक वेळी हसते, आणि ‘केळघर’ हे नाव तर तिला पेलतच नाही. आवाज बंद करून केवळ बाण पाहणे बरे पडते, मात्र तो बाण वळणाच्या आधी पुरेसा लवकर येत नाही, म्हणून अनोळखी फाट्यांवर मी दोनदा पुढे निघून गेलो. घाटात बाण पाहूच नये. रस्ता एकच असतो आणि डोळे तिथेच हवेत. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्यायचा, आणि मागून घाईत असलेल्या वडापवाल्याला पहिल्याच रुंद जागी पुढे जाऊ द्यायचे, या गोष्टी ॲप शिकवत नाही आणि त्या त्याच्याकडून शिकूही नयेत.

वर्षाची वर्गणी माझ्या गाडीच्या एका भरलेल्या टाकीपेक्षा कमी पडते. एका मंगळवेढ्याच्या फेऱ्यात मी तितकी किंमत फुकट घालवली आणि एका केळघरच्या सकाळीत ती वसूल केली. पाचपैकी साडेतीन गुण देतो. पुण्यात किंवा कोल्हापुरात राहणाऱ्याला, ज्याला घाट घराच्या दारात आहेत आणि कोणता चांगला ते सांगणारे दहा मित्र आहेत, त्याला मी याची शिफारस करणार नाही. आपल्यासारख्या, दोनशे किलोमीटर सरळ चालवून मग पहिले वळण घेणाऱ्या माणसाने मात्र ते घ्यावे, मधला पर्याय निवडावा आणि उपग्रह-चित्र शेजारी उघडे ठेवावे. नूतनीकरणाची सूचना या आठवड्यात आली. पैसे भरले आहेत आणि पुढच्या हिवाळ्यासाठी गगनबावड्याच्या करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांवर खूण करून ठेवली आहे. दोन्ही एकाच गावातून कोकणात उतरतात. एकाने उतरून दुसऱ्याने चढायचे, आणि कोल्हापूर तिथूनही ८० किलोमीटरांच्या आतच आहे.